आठ संघांत आपला एकही नाही

२०२५च्या एप्रिलच्या १८ तारखेला, गुड फ्रायडेच्या रात्री, तुम्ही काय बघत होतात ते मी न विचारता सांगू शकते. बेंगळुरूला पाऊस पडला होता, आरसीबी-पंजाबची मॅच १४-१४ ओव्हर्सवर आली होती आणि आमच्या काशीमीरा नाक्यावरच्या टपरीवर, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या एका मोबाइलभोवती दहाएक जण चहाचे ग्लास धरून उभे होते. मीही त्यांच्यातच होते, फक्त माझ्या मोबाइलवर दुसरी मॅच होती. त्याच दिवशी कल्याणीत ईस्ट बंगालच्या मुलींनी ओडिशा एफसीला १-० असं हरवून इंडियन वुमेन्स लीग जिंकली होती, त्याचे हायलाइट्स. सौम्या गुगुलोथचा गोल आला तेव्हा माझ्या तोंडून जरा जोरातच 'येस्स' निघालं. बाजूचे काका दचकून म्हणाले, "कोण आउट?"

कल्याणी म्हणजे पश्चिम बंगालमधलं कल्याणी, आपलं कल्याण नव्हे. हा खुलासा एवढ्यासाठी, की आमच्या ऑफिसातही दोघांनी तेच विचारलं. एकाचा तर चेहरा उजळला होता, "अरे वा, कल्याणला मॅच? सांगायचं ना!" त्या चेहऱ्यावरून हा लेख सुचला. कारण कल्याणला काय, मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, अख्ख्या महाराष्ट्रात त्या मोसमात या लीगची एकही मॅच झाली नाही. होणार कशी? आठ संघांत आपला एकही नव्हता.

ज्यांना ही लीग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (आणि माहीत नसणं हा तुमचा दोष नाही. पेपरात ती क्वचितच येते. आमच्याही.) ही देशातली मुलींची सगळ्यात वरची फुटबॉल लीग. २०२४-२५चे आठ संघ म्हणजे बंगालचे ईस्ट बंगाल आणि श्रीभूमी, ओडिशाचे ओडिशा एफसी आणि निता अकादमी, केरळचा गोकुलम, बेंगळुरूचा किकस्टार्ट, तामिळनाडूचा सेतू आणि दिल्लीचा हॉप्स. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकी १४ मॅचेस. जानेवारीत सुरू, एप्रिलमध्ये खल्लास. ईस्ट बंगालचे कोच अँथनी अँड्र्यूज. याच माणसाने आधी गोकुलमला दोनदा चॅम्पियन केलं होतं. गोकुलम त्या मोसमात दुसरे आले, पण मोसमातली सगळ्यात जबरदस्त स्ट्रायकर त्यांच्याकडेच होती. युगांडाची फाझिला इक्वापुट, एका मोसमात २४ गोल. इंटरकॉलेजला कोणी असे गोल मारले असते तर आपण समोरच्या गोलकीपर्सची चौकशी लावली असती.

ही लीग फार थोर आहे असं माझं म्हणणं नाही. वर्षातले चार महिने खेळायचं आणि उरलेले आठ महिने फिटनेस कुठे टिकवायचा, हा प्रश्न खेळाडूला एकटीनेच सोडवावा लागतो. गोल मारायला परदेशी मुली आणि गोल अडवायला आपल्या, असं चित्र बऱ्याच मॅचेसमध्ये दिसलं, तेही मला खटकतं. तरी ही लीग आता लीगसारखी दिसते, एवढं नक्की. आधी ती तशी नव्हती.

पहिला मोसम २०१६-१७चा. मुख्य फेरी दिल्लीत झाली. मग एकदा शिलाँग, एकदा लुधियाना, एकदा बेंगळुरू, मध्ये कोविडमुळे एक मोसम रद्द, मग भुवनेश्वर, मग २०२३ला अहमदाबाद. सगळे संघ एकाच शहरात आणायचे, काही आठवड्यांत मॅचेस उरकायच्या, चषक द्यायचा आणि सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं. लग्नाच्या हॉलसारखा कारभार. बुकिंग संपलं की खुर्च्या गोळा. कोणत्याच संघाला घर नव्हतं, त्यामुळे कोणत्याच संघाला आपली म्हणावी अशी माणसंही नव्हती.

त्या हॉलच्या काळात आपण होतो, बरं का. आणि हाच भाग मला सगळ्यात जास्त लागला. २०१७ला दिल्लीच्या मुख्य फेरीत एफसी पुणे सिटी होता. २०१८ला शिलाँगला मुंबईचा इंडिया रश. २०२०ला बेंगळुरूला एफसी कोल्हापूर सिटी आणि मुंबईचाच केंकरे. २०२२ला पिफा. २०२३ला अहमदाबादेत मुंबई नाइट्स. ही नावं एकाखाली एक लिहून बघा. ओळीने तीन मोसम टिकलेलं एकही नाव सापडणार नाही. पुणे सिटी तर पुरुषांच्या संघासकट २०१९ला बंदच झाला, त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादने घेतली. प्रत्येक वेळी नवी जर्सी, नवा लोगो, नवा व्हॉट्सॲप ग्रुप. मुली मात्र बऱ्याचशा त्याच. मोसम संपला की ग्रुप शांत, आणि पुढच्या वर्षी कोणाचा फोन येईल याची वाट बघायची.

मग २०२३ला नियम बदलले. भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं की अहमदाबादेत खेळलेल्या १६ संघांतले वरचे आठच सर्वोच्च श्रेणीत राहतील, मॅचेस घर आणि पाहुणा अशा पद्धतीने होतील, आणि क्लबने किमान दहा भारतीय मुलींना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यायचा. बाकीच्यांनी खालच्या श्रेणीत खेळून, जिंकून वर यायचं. माझ्या मते निर्णय योग्यच होता. पण मुंबई नाइट्स त्या आठांत नव्हता. म्हणजे लीग पहिल्यांदा धड उभी राहिली, नेमक्या त्याच क्षणी महाराष्ट्र तिच्यातून बाहेर पडला. २०२३-२४ला सात संघ खेळले, आपला नाही. २०२४-२५ला आठ खेळले, आपला नाही.

आता त्याच अहमदाबादची दुसरी गोष्ट. ईस्ट बंगालच्या मुलींचाही या लीगमधला तो पहिलाच मोसम होता. ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले आणि हरले. पुढच्या मोसमात तर ते वरच्या चारांतही नव्हते. तिसऱ्या मोसमात चॅम्पियन. यात जादू कसलीच नाही. हरल्यावरही संघ मोडला नाही, एवढंच. शंभर वर्षांचा क्लब आहे, पाठीराखे आहेत, कोलकात्यात मुलींची स्थानिक लीग आहे, आणि पुढच्या वर्षी हीच जर्सी असणार हे खेळाडूला ठाऊक होतं. आपल्याकडे नेमकं हेच ठाऊक नसतं.

हे कोणाला सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "अगं, आपल्याकडे मुली खेळतात कुठे फुटबॉल?"

तर ऐका. मी कॉलेजच्या संघात लेफ्ट बॅक होते. फार चांगली नव्हते, पण चिवट होते. सकाळी साडेपाचच्या सुमाराची लोकल मीरा रोडहून पकडायची, बायकांच्या डब्यात बुटांची पिशवी मांडीवर घ्यायची (स्टड्स कोणाच्या साडीला लागले की जो उद्धार होतो तो तुम्हाला ठाऊक असेल), चर्चगेटला उतरून कूपरेजपर्यंत चालत जायचं. त्या वाटेवर मला दर वेळी दुसऱ्या कॉलेजांच्या मुली भेटायच्या. वसईच्या, कल्याणच्या, वांद्र्याच्या, नवी मुंबईच्या. कोणाच्या गुडघ्याला पट्टा, कोणाच्या पायात भावाचे बूट. मुली नाहीत म्हणणाऱ्याने एकदा ती सकाळची गाडी पकडावी.

इथे काशीमीऱ्यातही टर्फ आहेत, हायवेच्या कडेला, ट्रकांच्या हॉर्नमध्ये. रात्रीचे स्लॉट पोरांच्या ऑफिस टीम्स आधीच बुक करून ठेवतात. आम्हाला मिळतो रविवारी सकाळी साडेसहाचा, कारण तो कोणालाच नको असतो आणि मालक त्यावर सूट देतो. तरी चौदा-पंधरा जणी येतात. कोणी पेणकरपाड्यातून, कोणी हाटकेशमधून, एक तर घोडबंदर रोडने ठाण्याहून बसने. मला माहीत असलेल्या एका कॉलेजात मुलींच्या सरावाला मैदान मिळायचं दुपारी दोन ते तीन, मे महिन्यातसुद्धा, कारण सकाळ-संध्याकाळ नेट्स लागलेले. त्या मुलीही यायच्या. उन्हाने काळ्या व्हायच्या, घरचे बोलायचे, तरी यायच्या.

आमच्या संघात नऊ नंबरची एक मुलगी होती. नाव नाही सांगत, तिला आवडणार नाही. डाव्या पायाने असा फटका मारायची की रेफ्री शिट्टी तोंडात धरून बघत राहायचा. थर्ड इयरची शेवटची मॅच झाली त्या संध्याकाळी आम्ही चर्चगेटला वडापाव खात उभ्या होतो. ती म्हणाली, "आता पुढे काय गं?" मी म्हटलं, स्टेटच्या ट्रायल्स दे. तिने दिल्या. निवड थोडक्यात हुकली. मग कोणीतरी सांगितलं, बेंगळुरूला क्लबच्या ट्रायल्स असतात, कोलकात्याला असतात. तिच्या घरचे काही वाईट नाहीत. रोज रात्री उशिरा लोकलने एकटी यायची, कधी काही बोलले नाहीत. पण मुलगी चार महिने कोलकात्याला, कोणाच्या ओळखीवर, कोणत्या हॉस्टेलात, किती पैशांत? एकाही प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. आज ती मालाडला एका कंपनीत नाइट शिफ्ट करते. क्लब अंधेरीत किंवा ठाण्यात असता, तर ती गेली असती. लीगमध्ये खेळली असती की बाकावर बसली असती ते मला माहीत नाही. गेली मात्र नक्की असती.

म्हणून मला हा मुद्दा राज्याच्या अभिमानाचा वाटतच नाही. मणिपूर जिंकलं काय, बंगाल जिंकलं काय, माझी काही तक्रार नाही. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या चषकाला नाव आपल्या राजमाता जिजाबाईंचं आहे आणि ही स्पर्धा सर्वाधिक वेळा जिंकलीय मणिपूरने. त्यांनी कष्ट केले, त्यांनी न्यावा. मुद्दा अंतराचा आहे. मुलाला वीस वर्षांचा असताना दुसऱ्या शहरात पाठवायला आपली घरं तयार होतात. मुलीला पाठवायला पाच वर्षं जास्त विचार करतात, आणि तोवर फुटबॉलचं वय सरतं. जवळचा क्लब ही पोरांसाठी सोय असते. पोरींच्या बाबतीत बऱ्याचदा तो असला तरच खेळणं असतं.

आणि आपल्याकडे काही नाही असंही नाही. २०२२च्या जानेवारीत महिलांचा आशियाई चषक कुठे झाला? मुंबई, नवी मुंबई, पुणे. (आपल्या संघाला कोरोनाने गाठलं आणि एका बरोबरीनंतर स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं, ते दुःख वेगळं.) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल कुठे झाली? नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. एका वर्षात एवढं सगळं आपल्या अंगणात झालं. पाहुण्यांसाठी आपण मांडव घातला, आणि घरातल्या पोरींना जेवायला बसायच्या वेळी पंगत उठलेली.

मुंबई सिटी एफसीचं तर मला खरंच कोडं आहे. मी त्यांची फॅन आहे, हे आधीच सांगते. २०२४ला ४ मे रोजी त्यांनी सॉल्ट लेकला मोहन बागानला ३-१ हरवून आयएसएल जिंकली तेव्हा नाक्यावर मीच सगळ्यात मोठ्याने ओरडले होते. या क्लबचा मोठा हिस्सा २०१९पासून २०२५पर्यंत सिटी फुटबॉल ग्रुपकडे होता, म्हणजे ज्यांचा मँचेस्टर सिटी आहे त्यांच्याकडे. मँचेस्टर सिटीच्या मुलींनी २०१६ला इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकलेली आहे. म्हणजे मुलींचा संघ कसा उभा करायचा हे त्या घराला शिकवायची गरज नव्हती. तरी इंडियन वुमेन्स लीगच्या एकाही मोसमात मुंबई सिटीचं नाव नाही.

दुसरं ठरलेलं उत्तर, "बघायला कोण येणार?" हे उत्तर फार जुनं आहे. १९२०च्या बॉक्सिंग डेला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाची मॅच बघायला ५३ हजार माणसं आली होती. वर्षभरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लब्सच्या मैदानांवर मुलींना खेळायला बंदी घातली, ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. माणसं येत नव्हती म्हणून मैदान काढून घेतलं असं तिथे झालेलं नाही. मैदानच गेलं, मग माणसं कुठे जाणार?

आणि इतकं लांब कशाला जायचं. २०२५च्या १५ मार्चला ब्रेबॉर्नवर मुंबई इंडियन्सच्या मुलींनी दिल्लीला ८ धावांनी हरवून डब्ल्यूपीएल जिंकली. त्या रात्री परतीच्या लोकलमध्ये निळ्या जर्सीच निळ्या जर्सी होत्या, पोरंही होती, बाबा लोकही होते. ब्रेबॉर्नपासून कूपरेज चालत पंधरा मिनिटांवर आहे. प्रेक्षक तेच, स्टेशन तेच. क्रिकेटमध्ये पैसा आहे हे मला कळतं. डब्ल्यूपीएलच्या लिलावात सगळ्यात खालची बोलीच १० लाखांपासून सुरू होते, आपल्या सांगलीच्या स्मृतीला २०२३ला ३ कोटी ४० लाख मिळाले. फुटबॉलमधले ३ लाख २० हजार म्हणजे महिन्याला सत्तावीस हजारांच्याही आत. पण डब्ल्यूपीएल सुरू झाली तेव्हा कोणी मुंबईला विचारलं नव्हतं की बघायला कोण येणार ते आधी सांगा. आधी संघ उभा केला, मग आपण तिकिटं काढली.

खर्चाचं मान्य आहे. सात वेळा वीस-पंचवीस जणींना घेऊन बाहेरगावी जायचं, विमान, हॉटेल, फिजिओ, आणि गेटवर उत्पन्न जवळपास शून्य. छोट्या अकादमीने हे एकटीने ओढावं ही अपेक्षा चुकीची आहे. कोल्हापूर सिटी किंवा पिफासारख्यांनी जे केलं ते त्यांच्या ताकदीच्या बाहेरचं होतं, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. हे ओढण्याची ताकद ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ओढावं. मुंबई सिटीसारखा क्लब, कूपरेजला बसणारी आपली राज्य संघटना, राज्य सरकारचं क्रीडा खातं. ओडिशाचे २०२४-२५ला दोन संघ होते, आणि तिथलं सरकार खेळावर पैसा घालतं हे सगळ्या देशाला माहीत आहे. एक क्लब, एक मैदान आणि लेखी तीन वर्षांची हमी, एवढंच मागतोय. पहिल्या वर्षी खालच्या श्रेणीत हरले तरी चालेल. दुसऱ्या वर्षी तीच जर्सी दिसली पाहिजे.

कोल्हापूरबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथे तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळतायत, शाहू स्टेडियम भरतं, मॅचवरून पेठापेठांत बोलणं बंद होतं. असं गाव देशात फार कमी. तिथल्या एखाद्या तालमीने मुलींचा संघ कायमचा आपल्या नावाने उतरवला, तर मुंबईची वाट बघायचीही गरज पडणार नाही. तिथे जर्सी बदलत नाही. आजोबांचीच नातू घालतो, आता नातीलाही द्या.

आता तुमच्याकडे वळते. २०२५च्या जूनच्या शेवटी थायलंडमध्ये आशियाई चषकाची पात्रता फेरी होती. आपला सामना यजमान थायलंडशीही होता.  तुम्ही एक काम करा, कॉलेज सुरू झालं की जिमखान्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, मुलींचा फुटबॉल संघ आहे का, सराव कधी असतो, इंटरकॉलेजची मॅच कोणत्या तारखेला आहे. नोटीस बोर्डावर ती तारीख बहुतेक वेळा लागतच नाही, विचारावीच लागते. उत्तर काय मिळालं ते आम्हाला कळवा. कॉलेजचं नाव घालून छापायचं की न घालता, ते तुम्ही सांगाल तसं. आणि तारीख मिळाली तर जा. आमच्या शेवटच्या मॅचला एकूण अकरा प्रेक्षक होते, त्यात चौघी आमच्याच बदली खेळाडू आणि एक माझा भाऊ, जो डबा द्यायला आला होता आणि उन्हामुळे थांबला.

काशीमीरा, मीरा रोड, भाईंदरच्या मुलींसाठी वेगळं. रविवारी साडेसहाचा स्लॉट आहे. सात-सात जणी लागतात, सध्या दोघी कमी पडतायत, आणि गोलकीपर तर कोणीच व्हायला तयार नाही. बूट नसले तरी चालतील, एक जोड माझा जुना आहे, पाच नंबरचा.